इसरूबाबांच्या आवाजाचा वेग

सिरोंचा, ११ जानेवारी २००७

निशातबाजी,

माझ्याकडून जय भीम आणि तुमच्या अब्बांकडून सलाम. तुमचा हैदराबादचा पत्ता त्यांनीच दिला. टायपिंगच्या मशीनवर छापून दिला, म्हणजे माझ्या अक्षरात चुकायला नको. देताना म्हणाले, "लिख, मगर जवाब की आस मत रख. मेरे कू भी महिने में एकच फोन करती." मी हो म्हणालो. तुमच्या ईमेलवर पाठवलेले सहा मेल परत आले, म्हणून हा कागद.

इथे मी एका नाववाल्याकडे आहे. प्राणहिता आणि गोदावरी भेटतात तिथून पलीकडे माणसं, सायकली, मिरच्यांची पोती नेतो. मला तम्मी म्हणतो, म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ, जसं मी तुम्हाला बाजी म्हणतो, थोरली बहीण. मी पाणी उपसतो. चंद्रपुराहून निघालो तेव्हा जायचं दुसरीकडेच होतं, पण अहेरीच्या स्टँडवर सिरोंच्याची गाडी आधी लागली आणि खिडकीची जागा रिकामी होती. तुम्ही म्हणाल, संघपाल बारावीच्या पेपरालाही असाच चिमूरहून निघून वरोऱ्याला उतरला होता. खरं आहे.

नाववाल्यानं विचारलं, तू धंदा काय करतो? मी सांगितलं की लिनक्स नावाची एक फुकट मिळणारी, उघडी सिस्टिम असते. तिच्यातून चंद्रपुरात एका टायपिंगच्या क्लासात आमच्या बाजीनं जंगलातल्या शाळांसाठी मराठी सिस्टिम बांधली, बिबा नावाची. नाव बाजीच्या अब्बांनी ठेवलं, कारण धोबी बिब्यानं कपड्यावर खूण करतो ती किती धुतली तरी जात नाही. तिच्यात शेकडो छोटे प्रोग्राम असतात, एकेकाचं एकेक पॅकेज. कशातही काही बदललं की त्याची नोंद करायची, कोणी बदललं, काय, कधी. त्याला चेंजलॉग म्हणतात. सीडी आणि त्या नोंदींचा छापील कागद दर दोन महिन्यांनी एसटीनं शाळांत जातो.

तो वल्हं थांबवून म्हणाला, "मतलब नदी का खंबा. पानी कित्ता चढ्या, लिखने का."

मी म्हणालो, हो, पण आता तो खांब स्वतःच लिहितो. मी तशी स्क्रिप्ट केली. आधी बाजीला दोन महिन्यांतले आठ दिवस नोंदी लिहिण्यात जायचे, आता चार मिनिटं लागतात.

त्यानं थोडं वल्हवलं आणि विचारलं, "फिर खंबे कू कैसा मालूम, नाव किधर से ले जाने की?"

नाववाले असेच बोलतात. पाण्यावर बसून डोकं थंड राहतं.

येरमटोल्याच्या आश्रमशाळेच्या देवराव गुरुजींचं डिसेंबरात पत्र आलं होतं. आवाजाचं काहीतरी बिघडलं आहे. विशेष नसावं. इथून निघालो की जाणार आहे. इथले मासे मात्र तुम्ही खाल्ले नसतील असे आहेत.

तुम्ही नागपूरच्या लिनक्सवाल्यांच्या सभेनंतर बोलला नाहीत, ते प्रवासाच्या थकव्यानं असेल असं मी धरून चाललो आहे.

संघपाल


आलापल्ली, ४ फेब्रुवारी २००७

निशातबाजी,

मागच्या पत्रात मी "विशेष नसावं" असं लिहिलं. गुरुजींचं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात दीड महिना आहे. घामानं घडीवरची अक्षरं गेली आहेत, राहिलेली उतरवून देतो.

"श्री. संघपाल यांस. नवी सीडी मिळाली. कागदावर 'करायचं काय' ही ओळ यावेळी कुठंच नव्हती. तेव्हा काही करायचं नाही असं समजून सीडी टाकली. आता इसरूबाबांचा आवाज उंदरासारखा येतो. मुलं हसली. जुरीबाई ऐकायला आली होती, ती उठून गेली. मोहाच्या आधी दुरुस्त व्हावं ही विनंती. आपला, देवराव मडावी."

तुम्ही इसरूबाबांना भेटला आहात, मी नाही. तुम्हीच दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात तिथे जाऊन शाळेच्या मशीनवर त्यांचा पाटा, म्हणजे त्यांच्या कुळाचं गाणं, उतरवून घ्यायची सोय केली होती. अकरा बैठका. पूर्ण गाणं येणारे ते शेवटचेच होते. गेल्या भादव्यात ते वारले. गावात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. मोहाची फुलं वेचून झाली की त्यांचा दगड आहे, आणि त्या दिवशी त्यांचा पाटा त्यांच्या घरच्यानं म्हणायचा असतो. घरी एकटी जुरीबाई, त्यांची मुलगी. तिला अर्धा येतो. बाकीचा ती त्या मशीनवरून शिकत होती.

आता माझं. हे मी आलापल्लीच्या लाकडाच्या डेपोसमोर बसून लिहितो आहे. सागाचे एवढे मोठे ओंडके की एकावर पाच माणसं जेवायला बसली आहेत. सरळ लिहितो.

तुमच्या रेकॉर्डिंगच्या फाइलीत नुसता आवाज असायचा. जागा वाचावी म्हणून तुम्ही त्यात दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. तो कोणत्या वेगानं ऐकायचा ते फाइलीत नव्हतं, तुमच्या नोंदीत होतं. डिस्क भरत आली की आवाज कमी जागेत मावावा म्हणून तुम्ही वेग कमी करायच्या, आणि तारखेसह लिहायच्या: अमुक दिवसापासूनच्या बैठका अमुक वेगाच्या. खाली "करायचं काय" अशी ओळ, शाळेला समजेल अशी. जुना वाजवणारा प्रोग्राम तुमची यादी वाचून चालायचा. मी नवा टाकला. तो सगळं एकाच वेगानं वाजवतो. माझ्या स्क्रिप्टला हे कळायचं काही कारण नव्हतं. तिनं लिहिलं, "नवीन आवृत्ती," आणि खाली इंग्रजीतल्या एकशे चाळीस ओळी जशाच्या तशा.

तरी जुन्या नोंदी बघून दुरुस्त करता आलं असतं. पण स्क्रिप्ट प्रत्येक पॅकेजाच्या शेवटच्या दहाच नोंदी ठेवते, बाकी कापते. मीच तसं सांगितलं होतं तिला, नीटनेटकं दिसावं म्हणून. सगळ्या नोंदी तुमच्या मशीनवर होत्या. तुम्ही गेल्यावर ते मशीन मी पुसलं. नवी बिबा टाकायला.

डिसेंबरातच हे कळलं होतं. म्हणूनच सिरोंच्याची गाडी आधी लागली.

उद्या येरमटोल्याला जातो. खरंच जातो. लटारूभाऊंना, ते कंडक्टर जे आपल्या सीडी नेतात, त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुले मी स्वतः उतरवून देतो. तू झोपला तं हाताले धरून."

संघपाल


येरमटोला, २१ फेब्रुवारी २००७

निशातबाजी,

पोचून पंधरा दिवस झाले. रस्त्यात तपासणीला पोलिसांनी पिशवी उघडली, सीडी उन्हात धरून पाहिली आणि विचारलं की यात काय आहे. लटारूभाऊच म्हणाले, "यात शाळा हाय साहेब." सोडलं.

शाळा तुम्ही पाहिली तशीच आहे. दोन मशीन, छपरावर सौर पाटी, दारात कोंबड्या. फक्त एका मशीनचं साउंडकार्ड वीज पडून जळलं, गेल्या पावसात. नवं बसवलं आहे.

गुरुजींनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. उंची माझ्या खांद्याएवढी आणि आवाज असा की नदीपलीकडची म्हैस वळून बघते. पहिल्या दिवशी म्हणाले, "कागदावर ओळ नव्हती म्हणून मी टाकलं बावा. माहीच चूक असंन."

"नाई गुरुजी, तुमची चूक नाई."

"मग कोणाची?"

मी म्हणालो की प्रोग्रामची. गुरुजींनी मान डोलावली आणि कोंबडीला हाकललं.

पहिले पाच दिवस मी अंदाजानं वेग लावत बसलो. एक लावायचा, जुरीबाईला बोलवायचं. ती दारातच उभी राहायची, आत यायची नाही. ऐकायची आणि म्हणायची, "हा बाबा नाई." दुसरा. "हा बी नाई." एकदा इतका हळू झाला की ती म्हणाली, "हा तं माह्या बाबाचा बाबा असंन," आणि हसली, आणि मग तोंड फिरवून गेली. एकदा मला वाटलं की अगदी बरोबर लागला. माणसाचा आवाज, थोडा गोड. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"माणूस हाय," ती म्हणाली, "पण बाबा एवढी घाई नव्हता करत."

मी म्हणालो, जवळजवळ बरोबर आहे, तेवढ्यावरून शिकता येईल. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला तिचे डोळे आठवत असतील. "त्याच्या आखरीले आमच्या माणसाईची नावं हायत. मेलेल्याईची. नाव अंदाजानं घेत नाईत."

अकरावी बैठक ती. मागून एक कोंबडा आरवतो. मी शाळेचा कोंबडा मशीनजवळ धरून ठेवला, आरवला की ताडून बघायचं म्हणून. अर्धा दिवस तो गप्प. सोडल्यावर छपरावर जाऊन आरवला. गुरुजी म्हणाले, "तो कोंबडा गेल्या दिवाळीलेच खाल्ला. हा त्याचा कोणी नाई."

आता पुढचं ऐका. संगणकाच्या खोलीच्या भिंतीवर कागद चिकटवलेले आहेत, चारही बाजूंनी, तुमच्या अब्बांच्या क्लासातले टायपिंगच्या सरावाचे. एकच ओळ तीस वेळा, मग दुसरी ओळ तीस वेळा. मुलं ते बघून बोटं बसवतात. मी त्यांच्याकडे तोंड करून दोन आठवडे बसलो होतो. काल विचारलं, गुरुजी, हे कागद अजीमचाचांनी, बाजीच्या अब्बांनी, मुद्दाम पाठवले का?

"मुद्दाम काऊन? सीडीसोबत येते ना तोच कागद. परिपाठाले वाचून झाला की फेकाचा कसा? मागच्या अंगाले टायपिंग राह्यते, ते पोराईच्या कामी येते."

बाजी, तुमचे अब्बा एका बाजूनं वापरलेला कागद कधी टाकत नाहीत. तुमच्या नोंदी आपण नेहमी सरावाच्या कागदांच्या पाठीवरच छापत आलो. मला माहीत होतं, मीच तर छापायचो. दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी इथे भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत.

खळीनं चिकटवल्या आहेत, पक्क्या. ओल्या फडक्यानं एक कोपरा सोडवून पाहिला. "करायचं काय" एवढंच दिसलं, उलटं.

उद्यापासून सोडवतो. बाहेर मोहाच्या झाडाखालचा पाला जाळायला सुरुवात झाली आहे, म्हणजे फुलं पडली की काळ्या जमिनीवर दिसावीत. सगळीकडे तो वास आहे.

संघपाल


येरमटोला, १२ मार्च २००७

निशातबाजी,

कागद एका दिवसाला दोनच निघतात. कोमट पाणी, फडकं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई नाही. मला ही तिसरी गोष्ट जमत नाही, म्हणून पहिले दोन फाटले. मग जुरीबाईनं फडकं माझ्या हातातून घेतलं. मोहाची फुलं वेचणारी बोटं आहेत तिची, ओला कागद फुलासारखा उचलते. आता ती सोडवते, मी वाळत घालतो. शाळेच्या ओट्यावर तुमच्या नोंदी दगड ठेवून सुकतात आणि येणारी-जाणारी माणसं वाचतात. लटारूभाऊ गाडी थांबवून एक पूर्ण वाचून गेले. म्हणाले, "बाईनं काय साधं लिवलं हाय. आमच्या डेपोचं एक तरी पत्र असं असतं तं."

तुमच्या तारखा आणि बैठकांच्या तारखा जुळवल्या. दहा बैठका लागल्या. दहावी लावली तेव्हा जुरीबाई पहिल्यांदा खोलीत आली आणि खाली बसली. तिचे ओठ हलत होते.

अकरावी लागत नाही. तिचा कागद दाराच्या मागचा होता. उधई लागली आहे, खालची निम्मी बाजू खाऊन टाकली. वर एवढंच उरलं आहे: "जुनं साउंडकार्ड जेवढा वेग सांगतं तेवढा त्याचा खरा नाही. मोजून पाहिला. खरा वेग" आणि पुढे माती. कार्ड जळालेलं आहे, परत मोजायचं कशावर? दुसऱ्या बैठकांच्या आवाजाशी ताडून पाहिलं, पण गुरुजी म्हणतात, त्या दिवशी बाबांना ताप होता, आवाज बसला होता. त्यावरून जुळत नाही.

त्यात नावं आहेत. दगड एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आहे.

तो आकडा आता जगात एकाच ठिकाणी असेल तर तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही तो कसा मोजला होता, एवढं जरी आठवलं तरी कळवा.

इथेच पत्र संपवणार होतो. पण परवा एक झालं. कागद वाळत घालताना गुरुजी हळूच म्हणाले, "संघपाल, एक इचारू? निशातबाई कशानं गेल्या?"

मी म्हणालो, हैदराबादला नोकरी लागली.

ते फडकं पिळत थांबले. "म्हणजे हायत?"

काय झालं होतं ते सांगतो. गुरुजी परिपाठाला तुमचा कागद वाचायचे तेव्हा शेवटी नाव वाचायचे. "लिहिणार, निशात अजीम शेख, चंद्रपूर." दर वेळी. मुलांना वाटायचं तुम्ही तहसीलदारासारख्या कोणीतरी मोठ्या आहात. ऑक्टोबरात नवा कागद आला. त्यावर सगळीकडे माझं नाव. नव्या नोंदींवर तर होतंच, तुमच्या जुन्या नोंदींवरसुद्धा. गुरुजींनी विचार केला की माणूस हयात असताना त्याच्या जुन्या लिखाणावरून कोणी नाव काढत नाही. तेव्हा बाई वारल्या असतील. शाळा तुमच्यासाठी दोन मिनिटं उभी राहिली होती बाजी. जुरीबाईही उभी होती. एका मुलीनं मोहाच्या झाडाखाली फुलं ठेवली.

मला हसू आलं नाही. हसायला हवं होतं.

आता ते लिहितो जे मी तीन पत्रं टाळलं. स्क्रिप्ट जो चालवेल त्याचं नाव सगळ्या नोंदींवर घालते. ही चूक मला सप्टेंबरातच दिसली होती. सीडी छापायच्या आठ दिवस आधी. एका ओळीचं काम होतं. मी केलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी करू. म्हटलं, वाचतं कोण. दोन्ही खोटं आहे. मला ते नाव बघायला आवडत होतं. चारशे बारा नोंदी, सगळ्यांवर संघपाल खोब्रागडे. माझं नाव दहावीच्या गुणपत्रिकेनंतर कशावर छापलं नव्हतं.

नागपूरच्या सभेत त्या पुण्याच्या माणसांनी पडद्यावर यादी दाखवून विचारलं, "हे सगळं तुम्ही एकट्यानं?" तेव्हा तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. मी तुमच्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "हो, थोडं थोडं करून."

थकवा नव्हता तो. मला तेव्हाही माहीत होतं.

नावं मी परत घालतो आहे. स्क्रिप्टनं नाही. कागद समोर ठेवून, एकेक नोंद हातानं. आज एकशे सहा झाल्या. ह्याबद्दल उत्तर नका देऊ. आकड्याबद्दल द्या. माझ्यासाठी नको, जुरीबाईसाठी द्या.

संघपाल


येरमटोला, २९ एप्रिल २००७

निशातबाजी,

तुमचं पोस्टकार्ड अठरा एप्रिलला मिळालं. लटारूभाऊंनी गाडीतूनच हाक मारली, "तुह्या बाजीनं शिवी नाई देल्ली बे, मी वाचून पाह्यलं." गाडीतल्या सगळ्यांनी वाचलेलं होतं. एका म्हातारीनं मला विचारलं, सात हजार तीनशे चाळीस म्हणजे काय मिळणार हाय?

ते कार्ड आता गुरुजींकडे आहे, पण मला पाठ झालं आहे, चुकलं का बघा.

"बिबा, ध्वनिमुद्रण. अकरावी बैठक: कार्ड सांगतं ८०००, खरा वेग ७३४०. अब्बांच्या टायपिंग परीक्षेच्या घड्याळानं तीनदा मोजला.
करायचं काय: आधी जुरीबाईंना एकटीला ऐकवा. मग बाकीच्यांना.
निशात अजीम शेख, हैदराबाद, ५ एप्रिल २००७."

दुसरा एक शब्द नाही. मी कार्ड उलटं करून पाहिलं, कडेला पाहिलं. मग मला कळलं की तुम्ही जसं लिहायच्या तसंच लिहिलं आहे.

ते घड्याळ मला आठवलं. बरोबर दहा मिनिटं झाली की अब्बा "हात वर" म्हणायचे आणि माझी नेहमी अर्धी ओळ राहायची. ते तुम्ही एसटीत घालून एवढ्या लांब आणलं असेल आणि दहा मिनिटांत कार्ड किती आवाज साठवतं ते मोजलं असेल, हे मला सुचलंच नसतं.

वेग लावला. जुरीबाईला खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि आम्ही दोघं बाहेर मोहाखाली. गुरुजी एक काडी मोडत बसले. आतून नीट ऐकू येत नव्हतं, नुसता गुणगुणाट. फुलं संपत आली आहेत, अधूनमधून एखादं पडायचं. माझ्या डोक्यात शंभर गोष्टी येत होत्या, उठून कुठेतरी जावं असं पण वाटलं. गेलो नाही.

ती बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती. ओट्यावर बसली.

गुरुजींनी गोंडीत विचारलं. ती मराठीत बोलली, म्हणजे मला कळावं म्हणून. "त्या दिवशी बाबाले खोकला होता. तो बी आला."

मग म्हणाली, "अजून एकदा लाव."

दगड पंचवीस तारखेला उभा झाला. तीन गावांची माणसं होती. जुरीबाईनं पाटा म्हटला, सगळा, शेवटच्या नावांसकट. नावांच्या मध्ये एका ठिकाणी ती थांबली. मला वाटलं विसरली. गुरुजींनी माझा हात दाबला. इसरूबाबा तिथे खोकायला थांबले होते. ती तेवढाच वेळ थांबली आणि पुढचं नाव घेतलं. एक म्हातारा, बाबांच्या बरोबरीचा, मान हलवून हसला.

त्याच्या आधी, एकोणीस तारखेला, परिपाठाला गुरुजींनी तुमचं कार्ड वाचलं. नदीपलीकडच्या म्हशींनीही ऐकलं असेल. शेवटी "लिहिणार, निशात अजीम शेख" म्हणून थोडं थांबले, मग आपल्या मनानं जोडलं, "हयात हायत." मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही जिवंत असल्याचं येरमटोल्यात रीतसर जाहीर झालं आहे.

आता कामाचं. चारशे बारा नोंदींवर नावं परत घातली. माझी एकोणचाळीस निघाली, तुमची तीनशे त्र्याहत्तर. पुण्याच्या त्या माणसांना पत्र टाकलं, नागपुरात मी काय बोललो आणि खरं काय आहे ते. त्यांचं उत्तर आलं नाही, पण सभेच्या यादीत नाव बदलल्याचं अब्बांनी चौकातल्या नेटवर पाहून फोनवर सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "देर से अकल आई, मगर बस से आई."

स्क्रिप्ट मी टाकून दिली नाही. सुरुवातीला तेच करणार होतो. मग वाटलं, तारखा, आवृत्त्या, कोणती फाइल बदलली, हे ती चुकत नाही आणि मी चुकतो. ते तिनं करावं. पण ती आता मध्येच थांबते. स्क्रीनवर विचारते, "करायचं काय?" आणि माणूस ओळ लिहीपर्यंत पॅकेज बांधत नाही. पोकळ ओळ चालत नाही. "नवीन आवृत्ती" एवढंच टाकून पाहिलं, मीच तशी केली असल्यामुळे तिनं मलाच परत पाठवलं. जुनी नोंद ती आता कापत नाही आणि कोणाच्या नावाला हात लावत नाही. आणि रेकॉर्डिंगचा वेग आता फाइलीतच लिहिला जातो. भिंतीवर भरवसा ठेवायचा नाही. तरी कागद मात्र सरावाच्या पाठीवरच छापणार आहे.

पुढची सीडी लटारूभाऊंच्या गाडीनं वीस मेला निघेल. मी चंद्रपुराला जाऊन ती बांधणार, आणि सिरोंच्याची गाडी आधी लागली तरी तिच्यात बसणार नाही. फार तर मासे घ्यायला, परत येताना.

सोबत नव्या कागदाची प्रत आहे. सगळ्या नोंदी भरल्या आहेत, एक सोडून. ध्वनिमुद्रणाच्या पॅकेजात मी केलेला बदल लिहिला आहे, खाली "करायचं काय" आणि पुढे कोरं. ते पॅकेज तुमचं आहे. सोबत माझ्याकडे परत यायचा पत्ता लिहिलेलं कोरं पोस्टकार्ड घातलं आहे. ते नाही आलं तर ओळ मी लिहीन, जमेल तशी, माझ्या नावानं. काम अडणार नाही, ती काळजी नको.

परिपाठ सुटल्यावर ती फुलं ठेवणारी मुलगी गुरुजींकडे आली आणि तिनं विचारलं, बाई आता इथी येणार का?

गुरुजींनी कार्ड पुन्हा नीट पाहिलं, पुढून, मागून.

"कागदावर तशी ओळ नाई," ते म्हणाले. "पण कागद तं दर दोन महिन्यानं येते."

संघपाल